पहिल्यापासून

रात्री साडेनऊला बेल वाजली की टीव्हीवरची नजर न काढता आमची ही म्हणते, "तुमचा लेखक आला." दार उघडलं की तोच. बर्म्युडा, छातीवर मिशाळ प्लंबर छापलेला टी-शर्ट, त्या प्लंबरच्या टोपीवर आमटीचा डाग, आणि हातात पिन मारलेले चौदा कागद.

"काका, पहिलं प्रकरण बदललंय."

पहिलं प्रकरण गेली अकरा वर्षं बदलतंय. दुसरं प्रकरण मी पाहिलेलं नाही. त्याच्या बायकोनेही नाही. ते अस्तित्वात आहे की नाही यावर आमच्या इमारतीत दोन तट आहेत.

चूक माझीच. सोसायटीच्या सत्यनारायणाला शिरा खाता खाता मी बोलून गेलो, की गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. तो तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आला होता. त्याने द्रोण खाली ठेवला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "काका, मी कादंबरी लिहितोय." डोंबिवलीत हे वाक्य कोणीही कोणालाही म्हणतं, म्हणून मी घाबरलो नाही. विषय विचारला. तो म्हणाला, "व्हिडिओ गेम." तेव्हा घाबरायला हवं होतं.

इमारतीतली पोरं त्याला कॉन्ट्राकाका म्हणतात. जिन्यात सापडलेल्या प्रत्येक पोराला त्याने कॉन्ट्रा समजावून सांगितलेला आहे: कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली काढलेला खेळ, दोन उघडे सैनिक, एकाचं नाव बिल, दुसऱ्याचं लान्स, आणि तिसऱ्या स्टेजला धबधबा. धबधब्यावर दोघांनी बरोबर उड्या मारत वर जायचं. एक जण पुढे धावला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, खालची फळी पडद्याबाहेर जाते आणि मागे राहिलेला तिथल्या तिथे मरतो. "दादाने मला धबधब्यात किती वेळा मारलं असेल!" असं तो सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत अभिमान असतो की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही. पोरं मोबाइलवरून मान वर न करता "हो काका" म्हणतात. मग हा पुढच्या मजल्यावर जातो.

वय बेचाळीस. ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी, आणि काम काय, तर बॅकअप. परदेशातल्या कुठल्या बँकेचा एक आकडाही हरवू नये म्हणून हा माणूस दर रात्री सगळ्याची एक प्रत इथे, एक प्रत तिथे, आणि तिसरी समुद्रापलीकडे ठेवतो. त्या कामात त्याला दोनदा बक्षीस मिळालं आहे. आणि हाच माणूस स्वतःची कादंबरी सेव्ह करत नाही.

हे विसरणं नव्हे. हे तत्त्व आहे. "काका, आमच्या कॅसेटींत सेव्ह नव्हतं. सातव्या स्टेजला पोचलात आणि लाइट गेली, की पहिल्यापासून. आईने जेवायला हाक मारली, पहिल्यापासून. ज्या काळाबद्दल लिहायचं त्या काळाच्या नियमाने लिहायला नको?" म्हणून तो लिहायला बसला की तीन लाइफ घेऊन बसतो. फोन वाजला, एक गेलं. दूधवाला आला, दुसरं. मुलीने भूमिती विचारली, तिसरं. खेळ खलास. फाइल पुसायची आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून. पहिलं प्रकरण पुरं झालं तर छापून माझ्याकडे आणायचं, आणि दुसऱ्याच्या वाटेवर मरायचं. बायको एकदा म्हणाली, "अरे, मग तीस लाइफवाला कोड का नाही मारत?" तिलाही एव्हाना सगळं पाठ आहे. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. हा दुखावला. म्हणाला, "साहित्यात चीटिंग करत नाहीत." मी छापखान्यात आयुष्य काढलेलं असल्यामुळे खोकलो.

त्या कोडबद्दल मात्र त्याच्याइतका आदर मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामीतला एक जपानी गृहस्थ १९८६ साली ग्रॅडिअस नावाचा खेळ घरच्या यंत्रावर आणत होता. खेळ तपासायला तर हवा, आणि तो त्याला स्वतःलाच झेपेना. म्हणून त्याने आपल्यापुरती एक चोरवाट ठेवली, ती खेळात तशीच राहून गेली आणि जगभर पसरली. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात राहून गेलेल्या गोष्टीला मुद्रणदोष म्हणतात आणि पगार कापतात. २०२० च्या फेब्रुवारीत हाशिमोतो वारले तेव्हा आमच्या लेखकाने कंपनीत रजा टाकली. कारण लिहिलं, "जवळचे गृहस्थ गेले." साहेबाने विचारलं, कोण? हा म्हणाला, "ज्यांनी मला तीस वेळा जगवलं ते."

कादंबरीत काय आहे, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. १९९४ चा मे महिना. डोंबिवलीतली चाळ, दोन भाऊ, आणि तासाला दहा रुपयांनी भाड्याने आणलेला व्हिडिओ गेम. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, बटण पिळत बसायचं, पडद्यावरच्या मुंग्या हळूहळू विरून त्यांतून मारिओ उगवायचा. अ‍ॅडॅप्टर तापायचा. वडील दर पंधरा मिनिटांनी येऊन "पिक्चर ट्यूब जाईल" म्हणायचे. जाताना टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून ताप बघायचे, आजारी पोराचा बघावा तसा. हे वाक्य त्याचं आहे. चांगलं आहे. सत्तेचाळीस वेळा वाचूनही चांगलं वाटतं, याचा अर्थ खरंच चांगलं असावं.

आणि ते यंत्र डुप्लिकेट होतं, हा त्याच्या कादंबरीचा कणा. निंटेंडोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, तो खरा. आपल्या गल्लीबोळात आला तो त्याची नक्कल. नक्कल यंत्र, नक्कल कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं "९९९९ इन १". उघडून बघावं तर आत चार खेळ, बाकीची नऊ हजार नऊशे पंचाण्णव म्हणजे त्याच मारिओला वेगळ्या स्टेजवर उभं करून दिलेली नावं. (आमच्याकडे याला "सुधारित तेरावी आवृत्ती" म्हणत.) "काका, यंत्र खोटं होतं, पण मे महिना ओरिजिनल होता," असं तो म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. बाहेर आमच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत असतं.

त्याने मला एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली होती. अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेअर वन', २०११ सालची. स्पीलबर्गने २०१८ मध्ये तिचा सिनेमाही केला. मी शब्दकोश घेऊन बसलो. २०४५ साल, जगाची धूळधाण झालेली, ओक्लाहोमा शहरात लोकांची डबाघरं एकावर एक रचून ठेवलेली. वेड वॉट्स नावाचा पोरगा अशाच एका डब्यात राहतो आणि सारा वेळ एका आभासी दुनियेत काढतो. ती दुनिया बांधणारा अब्जाधीश हॅलिडे मेला आहे. मरताना त्याने जाहीर केलंय, की आत एक अंडं लपवलंय, सापडेल त्याला माझी सगळी मालमत्ता. पण त्यासाठी हॅलिडेच्या लहानपणीचे खेळ, सिनेमे, गाणी, सगळं तोंडपाठ हवं. म्हणजे मेलेल्या म्हाताऱ्याच्या आठवणींत जिवंत पोरं राबताहेत! मला ही कल्पना भयंकर वाटली. त्याला स्वर्ग वाटते. मी म्हटलं, "अरे, पोराला स्वतःचं लहानपण कुठे आहे यात?" तो म्हणाला, "हॅलिडेचं चांगलं होतं ना पण!"

त्या पुस्तकाबद्दल त्याची तक्रार एकच. त्यात सगळं अमेरिकेचं आहे. पॅकमॅन एकदाही न चुकता खेळला की वेडला एक नाणं मिळतं, त्याचं मोल त्याला पुढे कळतं; पण एक रुपयाचं नाणं घेऊन स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये उभं राहणाऱ्या पोराचं काय? तिथे एक खेळ होता, कॅपकॉमचा, डायनोसॉर आणि कॅडिलॅक गाड्यांचा, १९९३ चा. त्याला त्या इंग्रजी नावाने भारतात कोणी हाक मारली नसेल. आतल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून अख्खा खेळच "मुस्तफा". "हे क्लाइनला माहीत आहे का?" असं तो मला दरडावून विचारतो, जणू मी क्लाइनचा मेहुणा.

पण क्लाइनची एक गोष्ट त्याने उचलली, आणि तिच्यापायी आमचं नातं तुटता तुटता राहिलं. क्लाइनने स्वतःच्या पुस्तकातही खरोखरच एक अंडं लपवलं होतं, आणि कोडी सोडवत शेवटाला पोचलेल्या वाचकाला डेलोरिअन गाडी बक्षीस दिली होती. ही अंड्याची चाल गाजवली ती वॉरन रॉबिनेटने. अटारी कंपनी खेळ रचणाऱ्याचं नाव कुठे छापत नसे, म्हणून त्याने आपल्या खेळात एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं. तिथे पोचायला आधी एक राखाडी ठिपका सापडावा लागतो. साधा एक ठिपका. आमच्या लेखकाने ठरवलं, आपणही अंडं ठेवायचं. बक्षीस म्हणून वडिलांची बंद पडलेली चेतक.

मला काही न सांगता त्याने चौदा पानं आणून दिली. मी नेहमीप्रमाणे लाल पेन घेतलं. सदतीस चुका होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, काना राहिलेला, एके ठिकाणी तर "अ‍ॅडॅप्टर"चा "अ‍ॅडॉप्टर". सगळ्या दुरुस्त केल्या, नवी छापून आणलेली प्रतही तपासून दिली, आणि समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी तो आला तो पांढराफटक.

"काका, अंडं कुठे गेलं?"

"कसलं अंडं?"

"अकरा चुका मुद्दाम होत्या! त्या शब्दांची पहिली अक्षरं लावली की माझं नाव व्हायचं. बाबांच्या नावासकट!"

"आणि बाकीच्या सव्वीस?"

तो जरा थांबला. "त्या चुका."

चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आला, कारण लाइट जाऊन फाइल गेली होती आणि अंडं तसंही नव्याने घालायचं होतं.

तपशिलाचा त्याला असा सोस, की कधी कधी तो कादंबरीचा राहत नाही, त्या यंत्राचाच होतो. १९८५ चा मारिओ अख्खा चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा: वर पांढरं, खाली हिरवं. हे त्याला कळलं त्या आठवड्यात पहिल्या प्रकरणात वडिलांच्या दुपारच्या झोपेचं आणि तापलेल्या अ‍ॅडॅप्टरचं वर्णन शब्दाला शब्द सारखं आलं. मी पुनरुक्ती म्हणून समासात खूण केली. तो म्हणाला, "ढग-झुडूप आहे काका. असू दे." दुसरं एक त्याने सांगितलं ते मात्र माझ्या मनात राहिलं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत जातात तसतसे उरलेले वेगाने चालू लागतात. तसं कोणी मुद्दाम केलं नव्हतं. काढायची चित्रं कमी झाली की यंत्राचा भार हलका होतो, इतकंच. माझ्या वयाच्या माणसाने असलं काही ऐकून चहा घ्यावा आणि विषय बदलावा.

"स्मरणरंजन" हा शब्द त्याला चालत नाही. एका मासिकाच्या संपादकाने पहिलं प्रकरण परत पाठवताना तो वापरला होता. "रंजन कसलं काका? हा आजार आहे. योहानेस होफर नावाच्या डॉक्टरने १६८८ साली नॉस्टॅल्जिया हे रोगाचं नाव म्हणून काढलं. घरापासून दूर गेलेले स्विस लोक झुरायचे, अन्नपाणी सोडायचे." त्याची बायको आतून म्हणाली, "मेडिक्लेममध्ये बसतं का बघ."

ती बाई सोशीक आहे असं मी म्हणणार नाही. ती नेमबाज आहे. साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात याने जुन्या बाजारातून चौदा इंची पेटीवाला टीव्ही आणला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सवत असावी तर अशी, निदान डोक्यावर फुलदाणी ठेवता येते." टीव्ही पेटीवालाच का, यालाही शास्त्र आहे. बदकं मारायच्या खेळातली बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर बदक मेलं. म्हणजे बंदूक टीव्हीला गोळी मारत नाही, टीव्हीच बंदुकीत उजेड मारतो. सपाट टीव्हीला चित्र उमटवायला किंचित उशीर होतो आणि मुहूर्त टळतो.

आणि बदक म्हणजे त्या पहिल्या प्रकरणाचा गाभा. मे महिन्यातल्या त्या दुपारी दादा खेळ लावून देतो, धाकट्याच्या हातात बंदूक देतो आणि शेजारी बसतो. धाकटा नेम धरतो. उजवीकडे धरला की बदक डावीकडे. खाली धरला की वर. गवतातून कुत्रा उठतो आणि तोंडावर पंजा धरून हसतो. त्या कुत्र्याला गोळी लागत नाही. "बदकाला माझं मन वाचता येत होतं," असं ते वाक्य आहे. या बदकाने अकरा वर्षांत काय काय सोसलं ते मला ठाऊक. बाराव्या खर्ड्यात बदक म्हणजे नियती होती. विसाव्यात मध्यमवर्गाची स्वप्नं. मधली दोन वर्षं बदक म्हणजे जागतिकीकरण होतं. तेव्हा पानाखाली टिपाही आल्या. मी प्रत्येक वेळी बदकाचं ऱ्हस्व-दीर्घ तपासायला जायचो, आणि त्यात ते नसल्याने निराश व्हायचो.

(मी हसतो त्याला, पण माझ्याही खणात शिशाचा एक "ळ" आहे. छापखाना मोडला तेव्हा आणला. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. आमच्या घरात पंखा त्या टेबलापर्यंत पोचत नाही, ही गोष्ट वेगळी.)

गेल्या गणपतीत दादा आला. चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. बोलणं कमी, खाणं नीट. दीड दिवसाचा गणपती, मोदकांना आम्हालाही बोलावणं होतं. जेवणं झाली आणि आमच्या लेखकाने टीव्हीच्या डोक्यावरची फुलदाणी उतरवली. नवं जुनं यंत्र आणलं होतं, म्हणजे नकलेची नक्कल. कॅसेटला फुंकर मारली. खरं तर फुंकरीने काही होत नाही, उलट ओलाव्याने आतले पत्रे गंजतात. काढून पुन्हा घातली हेच औषध असतं. हे त्यानेच मला सांगितलेलं. तरी फुंकर मारली, आणि आरतीनंतर डोळ्यांना हात लावावा तशी कॅसेट आत सारली.

बंदूक दहा वर्षांच्या लेकीच्या हातात. एका खोबणीत बंदुकीची वायर, दुसरीत रिमोट, कारण रिमोटशिवाय यादीतला खेळ निवडता येत नाही. "आण, मी लावून देतो," दादा म्हणाला. लावून दिला. एका वेळी एक बदक येणारा, पहिला. आणि हात पुसून सोफ्यावर टेकला.

पोरीने सहा बदकं चुकवली. आमचा लेखक तिच्या मागे गुडघ्यांवर बसून थरथरत होता. "बघ! बघ! मन वाचतं की नाही?" पोरीने बंदूक खाली केली. पण ती पडद्याकडे बघत नव्हती.

"मोठे काका, तुमचा अंगठा का हलतोय?"

खोलीत एकदम शांतता झाली. बदक पडद्यावर जागच्या जागी थबकल्यासारखं वाटलं. ते मला भासलं असेल. त्या खेळात तशी सोयच आहे. एकाने बंदूक धरायची, आणि दुसऱ्याच्या हातात रिमोट असेल तर त्याने बदक उडवायचं.

"अरे," दादा म्हणाला, "मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"तेव्हापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी मलाही माहीत नव्हतं."

आमचा लेखक एकदा टीव्हीकडे, एकदा रिमोटकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे का, ते मला कळलं: सत्तेचाळीस खर्डे फक्त आम्हा दोघांनी वाचले होते. तेवढ्यात त्याची बायको तुपाची वाटी घेऊन बाहेर आली आणि दादाच्या ताटाकडे बघून तिने शांतपणे विचारलं, "जागतिकीकरणाला अजून एक मोदक वाढू का?"

त्यानंतर दोन आठवडे साडेनऊची बेल वाजली नाही. ही म्हणाली, "लेखक आजारी आहे का बघा." मी म्हटलं, असेल, सोळाशे अठ्ठ्याऐंशीपासूनच आहे. पण साडेनऊला माझा कान दाराकडे जायचा हे खरं.

काल बेल वाजली. तोच टी-शर्ट, तोच डाग. हातात एकच कागद, त्यावर चार ओळी. "काका, पहिलं प्रकरण बदललंय," तो म्हणाला, पण नेहमीसारखं नाही, हळू. मी चष्मा लावला. पहिल्याच वाक्यात मे महिना नव्हता, अ‍ॅडॅप्टर नव्हता, बदकही नव्हतं. लिहिलं होतं, "रिमोट दादकडे होता."

पेन हातात होतंच. "दाद"ला काना द्यायला मी ते टेकवलं आणि थांबलो.

"हे अंडं आहे की चूक?"

त्याने कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला, दोनदा वाचला.

"दादाला विचारून सांगतो," म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.